‘कॅम्ब्रिया’ : दोन माणसांचं जहाज

माझ्या तुकडीतल्यांना आठवत असेल, आठवीत भूगोलाच्या सरांनी आम्हाला एकदा ओहोटीच्या वेळी खाडीवर नेलं होतं. जुन्या धक्क्याच्या पलीकडे चिखलात एका गलबताच्या फासळ्या उभ्या होत्या. सरांनी विचारलं, “हे काय वाहत असेल?” आम्ही एका सुरात ओरडलो, “मासे!” सर काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून चिखलातून कौलाचा एक तुकडा उचलला, पाण्यात खळबळवला आणि आमच्या हातात दिला.

शाळेत परतल्यावर त्यांनी आम्हाला सभागृहात उभं करून वर बघायला लावलं. आपल्या सभागृहावरची कौलं त्याच जातीची, मंगलोरी. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यामागून तिथे आणखी कारखाने निघाले आणि ती कौलं शिडाच्या गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने आपल्या बंदरांत उतरू लागली. “बैलगाडीने आणली असती तर निम्मी वाटेतच फुटली असती,” असं सर म्हणाले होते. आपल्या डोक्यावरचं छप्पर समुद्रातून आलं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

या स्मरणिकेत बाकीच्यांनी शिक्षकांबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल, खाल्लेल्या छड्यांबद्दल लिहिलं असणार. मी मात्र इंग्लंडमधल्या एका शिडाच्या मालवाहू जहाजाची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या सभागृहापर्यंत कशी येते, ते शेवटी सांगते.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी दीड वर्ष लंडनला होते. जुलैमधल्या एका शनिवारी एका सहकाऱ्याबरोबर ग्रेव्हसेंडला गेले. लंडनच्या खाली थेम्स जिथे रुंद होत समुद्राकडे जाते, तिथलं हे गाव. नदीत शर्यत चालू होती. गेरूच्या रंगाची प्रचंड शिडं लावलेली दहाबारा लाकडी जहाजं एकमेकांच्या मागेपुढे चालली होती. हौशी श्रीमंतांच्या नौका असतील असं मला वाटलं. सहकारी हसला. म्हणाला, “हे आमचे जुने ट्रक आहेत.”

ही होती ‘थेम्स सेलिंग बार्ज’. बार्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मांडवीतून खनिज वाहून नेणारे गोव्याचे लोखंडी बार्ज येतात. त्यांना इंजिन असतं, यांना शीड होतं. काम मात्र तेच, थोड्या पाण्यातून पुष्कळ माल नेण्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी सुमारे दोन हजार जहाजं थेम्सवर आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर काम करत होती. आज शीड लावून चालणारी जेमतेम तीसेक उरली आहेत.

ही जहाजं अशी का घडली, हे त्या नदीकडे पाहिलं की कळतं. थेम्सच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि दोन्ही काठांवर चिखलाच्या असंख्य खाड्या. लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या दिवसांत पाणी सहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. आपल्या खाडीत हा फरक अडीच-तीन मीटरचा असतो, यावरून कल्पना करा. अशा जागी खोल तळाचं जहाज कामाचं नाही. म्हणून बार्जचा तळ पाटासारखा सपाट केला. ओहोटीला पाणी सरलं की हे जहाज चिखलावर सरळ बसून राहतं, कलंडत नाही. मग शेतकऱ्यांच्या घोडागाड्या थेट जहाजापर्यंत यायच्या, माल चढायचा आणि भरती आली की जहाज आपसूक उचललं जायचं. बंदर नको, धक्का नको.

सपाट तळाची एक अडचण असते. वारा बाजूने आला की असं जहाज पुढे जाण्याऐवजी आडवं सरकत जातं. त्यावरचा उपाय म्हणजे दोन्ही अंगांना टांगलेल्या मोठ्या लाकडी फळ्या. वाऱ्याच्या उलट बाजूची फळी पाण्यात सोडली की ती पाणी अडवते आणि जहाज सरकायचं थांबतं. उथळ पाणी आलं की फळी वर ओढून घ्यायची.

या बार्जनी लंडन पोसलं असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. त्या काळी शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर होती आणि घोड्यांना वैरण लागे. एसेक्स-सफकच्या शेतांतून गवत-पेंढा भरून बार्ज निघत. डेकवर माणसाच्या दुप्पट उंचीची गंजी रचलेली असे. सुकाणूवरच्या तांडेलाला पुढचं काहीच दिसत नसे, म्हणून त्याचा जोडीदार गंजीवर उभा राहून ओरडून दिशा सांगे. परतीच्या फेरीत त्याच घोड्यांची लीद खत म्हणून शेतांकडे जाई. केंटमधून विटा आणि सिमेंट येई. लंडनच्या जुन्या घरांच्या पिवळसर विटा पाहिल्यात ना, त्यांतल्या कितीतरी याच जहाजांतून आल्या.

हे सगळं करायला जहाजावर माणसं किती? दोन. एक तांडेल आणि एक मदतनीस. कधीकधी तो मदतनीस म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. इंजिनियर म्हणून मला सगळ्यात जास्त चकित केलं ते याच गोष्टीने. पुढे एका रविवारी धक्क्याला लागलेल्या बार्जवर चढायला मिळालं, तेव्हा तिथल्या एका वृद्ध स्वयंसेवकाने मला ती युक्ती दोऱ्या हातात देऊन समजावली. मुख्य शिडाला स्प्रीट नावाचा एक लांबलचक वासा असतो. तो डोलकाठीच्या पायथ्यापासून तिरका वर जाऊन शिडाचा वरचा कोपरा ताणून धरतो. शीड आवरायचं तर ते खाली उतरवायचं नाही, कुणी वर चढायचं नाही. डेकवरून दोऱ्या ओढायच्या, की घरातल्या पडद्यासारखं शीड डोलकाठीकडे गोळा होतं. दोऱ्या जड झाल्या तर हाताने फिरवायचे रहाट आहेत. फळ्या उचलायला रहाट, नांगराला रहाट. पूल आला तर आख्खी डोलकाठी रहाटाने आडवी घालायची, पलीकडे गेलं की पुन्हा उभी करायची. सगळी रचना जणू एकाच प्रश्नाचं उत्तर होती : दोन माणसांच्या मजुरीत किती टन माल जाईल?

शिडांचा तो गेरूसारखा रंग म्हणजे खरोखरच गेरू. माशाचं तेल, गेरू आणि समुद्राचं पाणी यांचं मिश्रण कापडाला चोपडत, म्हणजे ते कुजत नसे. आपल्याकडे सुती जाळी झाडाच्या सालीच्या पाण्यात बुडवत, तसंच.

मी ज्या बार्जवर चढले तिचं नाव ‘कॅम्ब्रिया’. १९०६ साली केंटमधल्या ग्रीनहाइथ या नदीकाठच्या गावी एव्हरर्ड कुटुंबाच्या कारखान्यात ती बांधली गेली. लांबी ९१ फूट. माल १७० टन, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा टनी सतरा ट्रक. शिडांचं एकूण कापड सुमारे पाच हजार चौरस फूट. ती नुसती नदीपुरती नव्हती. कोळसा, धान्य, गुरांची पेंड असं काय काय भरून ती उघड्या समुद्रातून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत असे.

दोन महायुद्धं तिने पाहिली. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य सोडवायला ज्या शेकडो लहानमोठ्या नौका गेल्या, त्यांत बार्जही होत्या. एव्हरर्डांचीच ‘एथेल एव्हरर्ड’ तिथल्या वाळूवर कायमची राहिली. पण या जहाजांना संपवलं ते युद्धाने नव्हे, ट्रकने आणि डिझेलने. लंडनमधून घोडे गेले तेव्हा वैरण गेली, लीदही गेली. रस्ते सुधारले तशा विटा रस्त्याने जाऊ लागल्या. खुद्द एव्हरर्डांची कंपनी मोटरवर चालणाऱ्या मालवाहू जहाजांची मोठी कंपनी झाली. जुन्या बार्जच्या डोलकाठ्या काढून त्यांत इंजिनं बसवली गेली. काही घरं झाल्या, काही खाड्यांच्या चिखलात सोडून दिल्या गेल्या. ‘कॅम्ब्रिया’त मात्र इंजिन बसलं नाही. एकेक करत बाकीच्या कमी झाल्या आणि केवळ शिडावर माल वाहणारी ती ब्रिटनमधली शेवटची व्यापारी नौका उरली.

तिचा शेवटचा तांडेल होता बॉब रॉबर्ट्स. माणूस विलक्षण होता. वर्तमानपत्रात काम केलेला, पुस्तकं लिहिणारा, पेटीसारखं हातवाद्य वाजवत खलाशांची गाणी म्हणणारा. त्याची गाणी रेडिओवर लागत आणि ध्वनिमुद्रित झाली आहेत. १९६६ मध्ये त्याने ‘कॅम्ब्रिया’ कंपनीकडून स्वतः विकत घेतली आणि धंदा चालू ठेवला. त्यात भाबडेपणा असेल, हट्टही असेल. पण तो जहाज दाखवायला फिरवत नव्हता. भाडं घेऊन माल पोचवत होता. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये टिलबरीहून इप्सविचला तिने गुरांच्या पेंडीची खेप नेली. ती शेवटची. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

इथवर जहाजाची गोष्ट नेहमीसारखी आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग.

‘कॅम्ब्रिया’ला कुणी वाऱ्यावर सोडलं नाही. जुन्या जहाजांच्या जतनासाठी नुकत्याच स्थापन झालेल्या मॅरिटाइम ट्रस्टने ती घेतली. लंडनच्या मध्यभागी, सेंट कॅथरीन डॉक्समध्ये, इतर ऐतिहासिक जहाजांच्या रांगेत ती लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली. मान मिळाला, पाटी लागली, तिकीट काढून लोक आले. आणि तिथेच ती कुजायला लागली.

असं का झालं? लाकडी जहाजाचा शत्रू खारं पाणी असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात खारं पाणी लाकडाला लोणच्यासारखं मुरवून टिकवतं. कुजवतं ते गोडं पाणी, म्हणजे पाऊस. चालत्या जहाजाचा डेक रोज समुद्राच्या पाण्याने धुतला जातो, भिजलेल्या फळ्या फुगून फटी बंद राहतात, आणि गळती झालीच तर ती त्याच दिवशी दिसते, कारण तांडेल त्याच्याच खाली झोपतो. उभ्या जहाजाच्या फळ्या उन्हात आक्रसतात, फटींतून पावसाचं पाणी आत झिरपतं आणि फासळ्यांच्या बेचक्यांत साचून राहतं. तिथे कुणी रोज हात घालत नाही. शिवाय वर्षानुवर्षं रिकाम्या तरंगणाऱ्या जहाजाचा मधला भाग उचललेला राहतो आणि दोन्ही टोकं हळूहळू खाली ओघळतात. चौसष्ट वर्षं कोळसा आणि पेंड वाहून जे झालं नाही, ते प्रदर्शनात ठेवल्याने झालं.

१९८७ मध्ये तिला केंटमधल्या सिटिंगबोर्नला हलवलं गेलं. दुरुस्तीचा मनसुबा होता, पैसा नव्हता. १९९६ मध्ये केवळ तिच्यासाठी स्थापन झालेल्या कॅम्ब्रिया ट्रस्टच्या हाती ती आली. ही मंडळी मुख्यतः हौशी. पुढची अकरा वर्षं त्यांनी पाणी उपसत, वर्गणी गोळा करत, अर्ज लिहीत काढली. २००७ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे दहा लाख पौंड मंजूर झाले आणि ‘कॅम्ब्रिया’ फॅव्हरशॅमच्या खाडीत आणली गेली. तिथल्या जुन्या धक्क्यावर बार्ज दुरुस्त करणारे कारागीर अजून होते.

दुरुस्तीची पद्धत ऐकण्यासारखी आहे. तिला एका मोठ्या तरंगत्या पडावाच्या पोटात ठेवलं, वर आच्छादन घातलं आणि एकेक तुकडा बदलायला घेतला. आधी सगळं मोडून मग नवं बांधायचं नाही. एक फासळी काढायची, तिच्या मापाने ओकची नवी घडवायची, जागच्या जागी बसवायची, मगच पुढचीला हात लावायचा. म्हणजे जहाजाचा आकार कुठेही हरवत नाही. अनुभवी सुतारांच्या हाताखाली तरुण शिकाऊ मुलं घेतली होती. २०११ च्या मार्चमध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी शर्यतीतही धावली.

आता कुणी विचारेल, आणि मीही त्या वृद्ध स्वयंसेवकाला विचारलं, की बहुतेक लाकूड नवं असेल तर ही जुनी ‘कॅम्ब्रिया’ कशी म्हणायची? त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी मला रहाट फिरवायला सांगितला. माझ्याकडून तो हलेना. मग त्याने माझे पाय कुठे असावेत ते दाखवलं आणि हात सरळ ठेवून अंगाचा भार टाकायला सांगितला. रहाट फिरला. “हे मला ज्याने शिकवलं, तो माल वाहायचा,” एवढंच तो म्हणाला.

वीसेक वर्षं मी जुन्या संगणकप्रणाली सांभाळण्याचं काम करते आहे. त्यात माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट आहे. चालू प्रणाली तुकड्यातुकड्याने पूर्ण बदलता येते आणि ती जुनीच राहते. पण दोन वर्षं बंद ठेवलेली प्रणाली, एक ओळही न बदलता, पुन्हा उभी करणं महाकठीण असतं, कारण ती चालवणारी माणसं पांगलेली असतात. ‘कॅम्ब्रिया’ वाचली यात पैशाचा वाटा मोठा आहेच. पण १९७० ते २०११ या एक्केचाळीस वर्षांत बार्जच्या शर्यती चालू राहिल्या, फॅव्हरशॅमसारख्या ठिकाणी दुरुस्तीची कामं चालू राहिली, रॉबर्ट्सच्या हाताखाली खलाशी म्हणून राबलेला डिक डरॅम पुढे पत्रकार झाला आणि त्याने त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं. ही साखळी तुटली असती, तर दहा लाख पौंडांत फार तर एक सुबक लाकडी प्रतिकृती मिळाली असती.

आपल्याकडे ती साखळी तुटली. माझे आजोबा तरुणपणी गलबतावर होते. मी त्यांना परीक्षेतले मार्क सांगितले, चष्मा शोधून दिला, पेपर वाचून दाखवला. पण परबाण कसं फिरवायचं, रात्री किनारा कसा ओळखायचा, हे एकदाही विचारलं नाही. गेल्या दिवाळीत खाडीवर गेले होते. सरांनी दाखवलेल्या त्या फासळ्या आता नाहीत. तिथे कांदळवन वाढलं आहे.

आता सभागृहाकडे येते. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जमणाऱ्या निधीतून त्याचं काय करायचं, यावर आपल्या समूहात गेले सहा महिने चर्चा चालू आहे. एक मत असं, की गळकं छप्पर उतरवून स्लॅब घालावा. दुसरं असं, की ते आहे तसं ठेवून आत जुने फोटो, ढाली, मुख्याध्यापकांच्या तसबिरी लावाव्यात आणि ‘स्मृतिदालन’ म्हणून वर्षातून दोनदा उघडावं. पहिल्या मताचे लोक व्यवहारी आहेत आणि दुसऱ्या मताचे प्रेमळ. दोघांचंही मला पटतं. पण ‘कॅम्ब्रिया’ पाहिल्यापासून मला दुसऱ्या मताची अधिक भीती वाटते. कुलूप लावलेल्या सभागृहातली गळती कुणाला दिसणार? आपल्या वेळी सरांच्या टेबलावर थेंब पडला की त्याच दुपारी शिपाईमामा शिडी घेऊन वर चढलेले असत.

म्हणून माझी सूचना अशी आहे. छप्पर दुरुस्त करावं, वासे कुजले असतील तेवढेच बदलावेत आणि सभागृहात पूर्वीसारखे वर्ग भरवावेत. पंचवीस वर्षांनी त्यातलं एकही मूळ कौल उरलं नाही तरी ते आपलंच सभागृह असेल. फक्त दरवर्षी मे महिन्यात शाकारणी झाली पाहिजे, आणि ती करणारं कुणीतरी असलं पाहिजे. गावात हे काम नीट जाणणारे आता एकच आजोबा आहेत. गेल्या खेपेला भेटले तेव्हा म्हणाले, “वर चढतो अजून, पण कौलं हातात द्यायला कोण नाही.”

माझा या निधीतला वाटा मी स्लॅबसाठी किंवा तसबिरींच्या चौकटींसाठी देणार नाही. तो त्यांच्या मजुरीसाठी, आणि त्यांच्यासोबत छपरावर चढून शिकणाऱ्या गावातल्या दोन तरुणांच्या मजुरीसाठी ठेवावा, अशी विनंती समितीला करते आहे. येत्या मे महिन्यात मी दहा दिवस येते आहे. खाली उभं राहून कौलं वर द्यायला मला नक्की जमेल. आणखी कोण येतंय?